किलबेनांच्या परसातलं काटेझाड

गॉर्टनाशीत ज्याच्या त्याच्या परसात कोबी असे, बटाटे असत, कुणी हौशी असलं तर कुंपणालगत एखादा गुलाब. किलबेनांच्या परसात मात्र ऐन मध्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, हॉथॉर्नचं झाड उभं होतं. गावात त्याला हॉथॉर्न कुणी म्हणत नसे. नुसतं 'काटा' म्हणत. काटा बांधावर असावा, त्यानं गुरं अडवावीत, मे महिन्यात पांढराधोप फुलावं आणि माणसाच्या दारापासून लांब राहावं, अशी आयर्लंडच्या त्या पश्चिम कोपऱ्यातली जुनी समजूत. शेतात एकटाच उगवलेला काटा दिसला तर नांगर त्याला वळसा घालून जाई. असला काटा डीलिया किलबेननं बी पेरून, राखण करून, मोठ्या निगुतीनं वाढवला होता. का वाढवला ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि ज्यांनी ओळखलं त्यांनी कधी विचारलं नाही.

डीलिया मूळची तळ्यापलीकडची. तिचा बाप कुंपणं लावायचा. मोठ्या जमीनदारांच्या शेतांना मैलच्या मैल काट्याची कुंपणं लागत, आणि त्यांची रोपं हा माणूस स्वतः बी धरून तयार करी. आई सबीना घरचं बघे आणि डीलिया बापाच्या मागंमागं वाफ्यांतून हिंडे. फेस्टस किलबेनशी लग्न करून ती गॉर्टनाशीत आली, तेव्हा चोविशीच्या आतबाहेर असेल. फेस्टस कामाला वाघ, पण तोंडानं मुका म्हटला तरी चालेल.

"तुझ्या नवऱ्याचं तोंड उघडायचं तर दोनच वाटा," शेजारची ब्रायडी रुएन पहिल्याच आठवड्यात तिला म्हणाली होती. "एक तर गाय व्यायला हवी, नाहीतर पोप वारायला हवा. आणि पोप काही दरसाल वारत नाही."

घरात तिसरं माणूस म्हणजे सासू. ऑनर तिचं नाव. काळी शाल, कमरेला गोणपाटाचं ॲप्रन, आणि कुठल्याही गोष्टीवर शेवटचा शब्द तिचा. बटाटे कसे सोलायचे इथपासून चुलीत टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, विटा कशा रचायच्या इथपर्यंत सगळं तिनं डीलियाला नव्यानं शिकवलं. डीलियानं ते निमूटपणे शिकून घेतलं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या मार्चमध्ये डीलियाचे दिवस भरले. बाहेर गारा पडत होत्या आणि खोलीत नर्स बाई बाह्या वर सारून बसली होती. फार त्रास झाला. मग एकदम सगळं थांबलं. डीलियानं वाट पाहिली, आणखी वाट पाहिली.

"रडत का नाही?" तिनं विचारलं.

नर्स काहीतरी गुंडाळत होती. तिची पाठ तेवढी दिसत होती. सासू दाराशी उभी होती.

"आई, रडत का नाही? दाखवा ना मला."

"ते गेलं, पोरी," सासू म्हणाली. "पोटातच गेलं होतं. तू पड आता."

"दाखवा मला. एकदा."

"नको. बघितलं की मग ते डोळ्यांपुढून हलत नाही. न बघितलेलं बरं आणि न विचारलेलं बरं. ऐक माझं."

नर्सनं ते गुंडाळलेलं बाहेर नेलं. उजाडता उजाडता गोठ्यातून छोटी पेटी ठोकणाऱ्या हातोडीचे ठोके ऐकू आले. मग फाटक करकरलं. फेस्टस परतला तेव्हा त्याचे गुडघे चिखलानं भरले होते. तो खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आला, टोपी हातात घेऊन उभा राहिला. काहीतरी बोलेल असं डीलियाला वाटलं. "गाय पिळायची आहे," असं म्हणून तो निघून गेला.

तो कुठं जाऊन आला होता हे तिला ठाऊक होतं. तिच्या माहेरच्या गावातही तशी एक जागा होती. बाप्तिस्मा न होता गेलेल्या बाळाला त्या काळी चर्चच्या दफनभूमीत जागा नव्हती. त्यांच्यासाठी गावाच्या कडेला एखादं पडीक शेत असे. त्याला किलीन म्हणत. गॉर्टनाशीची किलीन रुएनांच्या वरच्या शेतात होती, तळ्याकडे तोंड करून. गवतात बुडालेले काही बिननावाचे धोंडे आणि त्यांच्यामध्ये एकच जुना, वाऱ्यानं एका अंगाला कललेला काटा. तिथं बाप एकटाच जाई. आई जात नसे. बाळंतीण चर्चमध्ये जाऊन आशीर्वाद घेईपर्यंत उंबरा ओलांडत नसे, आणि तोवर जाण्यासारखं काही उरलेलं नसे.

त्यानंतर घरात त्या बाळाचं नाव निघालं नाही, कारण नावच नव्हतं. कधी चुकून बोलणं तिथवर आलंच तर सासू "ते झालं तेव्हा" एवढं म्हणे. 'ते' बाळ, 'ते' गेलं. मुलगा होता की मुलगी, हे डीलियाला कुणी सांगितलं नाही. एकदा चुलीपाशी तिनं धीर करून तोंड उघडलं होतं, पण फेस्टसनं तिच्याकडे असं पाहिलं, की तिनं मिठाचं भांडं मागून घेतलं.

ऑक्टोबरात ती किलीनवर गेली. पहिल्यांदाच. रुएनांच्या मेंढ्या चरत होत्या. कुठला धोंडा आपला हे कळायला काही मार्ग नव्हता. ती एकीकडून दुसरीकडे फिरली, मग त्या म्हाताऱ्या काट्यापाशी येऊन उभी राहिली. झाड लाल फळांनी लगडलं होतं. तिनं ॲप्रनचा ओचा केला आणि फळं तोडायला लागली. बोटांना काटे लागत होते तरी तोडत राहिली. खालच्या फाटकाशी ब्रायडी रुएन बादली घेऊन उभी होती. तिनं डीलियाला पाहिलं, ओच्यातली फळंही पाहिली.

"वारा फार सुटलाय, डीलिया," ती म्हणाली. "डोक्याला बांधावं काहीतरी." आणि मेंढ्यांकडे वळली.

घरी येऊन डीलियानं फळं पाण्यात चोळली, गर काढला. आतलं बी दगडासारखं टणक. ओल्या वाळूत ते कालवून तिनं मातीच्या कुंडीत भरलं, उंदरांनी खाऊ नये म्हणून वर पाटीचा दगड झाकला आणि उत्तरेच्या भिंतीशी कुंडी गळ्यापर्यंत पुरली. "काट्याचं बी दोन हिवाळे झोपतं," तिचा बाप म्हणायचा. "ज्याला घाई आहे त्यानं कोबी लावावा."

पहिला वसंत आला आणि गेला. कुंडीत हालचाल नाही. सासूच्या नजरेतून अशा गोष्टी कुठल्या सुटायला!

"काय पुरलंयस तिथं?"

"बी आहे, आई."

"कसलं?"

"काट्याचं."

सासूनं हातातली बादली खाली ठेवली. "कुठल्या काट्याचं?"

डीलियानं कुंडीवरची पाटी नीट बसवली.

"एकटा काटा त्यांचा असतो," सासू हलक्या आवाजात म्हणाली. त्या लोकांचं, जमिनीखाली राहणाऱ्या पऱ्यांचं, नाव घ्यायचं नसतं, म्हणून 'त्यांचा' एवढंच. "आपोआप उगवला तर उगवू द्यावा. तोडू नये. पण हातानं आणून दाराशी लावायचा? तुझ्या बापानं हे शिकवलं तुला?"

"बापानं रोपं करायला शिकवलं."

सासू आत गेली. आता उद्या कुंडी उकिरड्यावर दिसणार, अशी डीलियाची खात्री झाली. सकाळी ती आधी तिकडेच धावली. कुंडी जागेवर होती. रात्रीच्या वाऱ्यानं पाटी उडू नये म्हणून कुणीतरी वर एक जड धोंडा ठेवला होता. तो कुणी ठेवला हे तिनं विचारलं नाही. त्या घरात विचारायची पद्धत नव्हती.

दुसऱ्या वसंतात वाळूतून हिरवी टोकं वर आली. इवली, जाड, गोल दोन पानं आणि त्यांच्या मधून दातेरी पानाचा पहिला कोंब. डीलिया तिथंच ओल्या जमिनीवर बसली आणि किती तरी वेळ उठलीच नाही. तेव्हा तिला पुन्हा दिवस गेलेले होते. उन्हाळ्यात नोरीन झाली. खोली दणाणून सोडणारं तिचं रडणं ऐकून सासूनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि फेस्टस गोठ्यामागं जाऊन उभा राहिला तो बराच वेळ आत आला नाही.

रोपांतलं सरळ, जोमाचं एक डीलियानं ठेवलं. बाकीची बांधावर लावून टाकली. पुढच्या हिवाळ्यात, पानं गळालेली असताना, तिनं ते परसाच्या मध्यावर आणलं. कोबीचे दोन वाफे त्यासाठी मोडले. फेस्टस फावडं खांद्यावर टाकून जात होता. खड्डा बघून थांबला. खड्ड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "खाली खडी आहे," एवढं बोलून तो पुढं गेला. थोड्या वेळानं तो पहार ठेवून गेला.

काटा बांधावर टाकला तर आपला आपण वाढतो. त्याला कुणाची पर्वा नसते. पण एकटं, डौलदार झाड करायचं तर त्याच्याशी भांडावं लागतं. बुंध्यातून दरवर्षी दहा दिशांना फुटवे येतात, ते काढावे लागतात. एकच खोड उंच न्यावं लागतं. छाटणी हिवाळ्यात, झाड झोपेत असताना. पक्षी घरटी करायला लागले की कात्री खिळ्याला टांगून ठेवायची. एका बर्फाळ जानेवारीत सशानं खोडाची साल कुरतडली, जवळजवळ भोवताल सगळी. डीलियानं शेण आणि चिकणमाती कालवून जखमेवर थापली, वर गोणपाट गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर खोडाभोवती तारेची जाळी, चार खुंट्यांना नीट आवळलेली. फेस्टस चुलीपाशी बुटाला तेल चोळत बसला होता.

"जाळी चांगली झाली," ती म्हणाली.

"ससे फार झालेत," तो म्हणाला.

झाड जगलं. पण फेस्टस कधी त्याच्या सावलीत उभा राहिला नाही. विहिरीकडे जाताना सरळ वाट झाडाखालून होती. तो वळसा घालून जाई. डीलियाला ते खुपे. बाळाला खड्ड्यात ठेवून आल्यावर ह्या माणसानं मनाचं दारही लावून घेतलं, असं तिला वाटे. राग येई. मग कामाला लागली की राग ओसरे, आणि छाटणीच्या दिवसांत पुन्हा येई. काटा बोटात शिरला की गाठ धरतो, आठवडा आठवडा ठणकतो. त्या ठणक्याबरोबर हेही ठणके.

नोरीन शाळेत जाऊ लागली होती त्या सुमारास, एका मे महिन्यात झाड पहिल्यांदा फुललं. फार नाही, एकाच फांदीवर. पांढऱ्या फुलांचे घोस आणि आत गुलाबी टोकांचे तंतू. वास मात्र जड. बदामासारखा सुरू होतो आणि मागं काहीतरी नासल्यासारखं रेंगाळतं. म्हातारी माणसं म्हणत, हा मरणाचा वास, म्हणून हे फूल उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. सासू तेव्हा बरीच थकली होती, दिवसभर खिडकीशी बसून असे.

"खिडकी उघड," ती म्हणाली.

"वास येईल, आई."

"येऊ दे. नाक अजून शाबूत आहे माझं." वास आत आला. म्हातारीनं डोळे मिटले. मग म्हणाली, "चांगलं वाढवलंस हो."

त्या घरात आल्यापासून डीलियाला मिळालेली ती पहिली शाबासकी. पुढचा हिवाळा म्हातारीनं पाहिला नाही.

वर्षं गेली. नोरीन बर्मिंगहॅमला नर्स झाली, तिकडंच लग्न करून राहिली. झाड चांगलं दीड पुरुष उंच झालं, छत्रीसारखं पसरलं. मे महिन्यात मधमाश्यांनी गुणगुणायचं, नोव्हेंबरात उत्तरेकडून येणारे कस्तुर पक्षी दोन दिवसांत फळं फस्त करून जायचे. आधी तोंडं वाकडी करणारे लोक आता जाता जाता थांबून बघत. फेस्टसची छाती दुखू लागली, दम लागू लागला. तो अजूनही वळसा घालूनच जाई.

मग एका फेब्रुवारीत समुद्रावरून असा वारा सुटला की रुएनांच्या गोठ्याचं छप्पर तळ्यात जाऊन पडलं. सकाळी डीलियानं पडदा सारला तर खिडकीत फांद्या. झाड घराच्या दिशेनं आडवं झालं होतं. एका बाजूची मुळं हवेत, दुसऱ्या बाजूची अजून मातीत.

ब्रायडीचा नवरा मार्टी रुएन ट्रॅक्टर घेऊन रस्ता मोकळा करत फिरत होता. तो फाटकाशी थांबला. "वाईट झालं," तो म्हणाला. "पण काट्याचं लाकूड जळतं चांगलं, बरं का. मी करवत आणतो."

"करवत नको," मागून आवाज आला. फेस्टस दारात उभा होता, अंगात कोट, पायात बूट. "दोर आण. आणि गोणपाटं. हे सरपण नाही."

मार्टीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि दोर आणायला गेला.

डीलियानं कात्री आणि आरी घेऊन माथ्याचा तिसरा हिस्सा उतरवला. वजन कमी झालं नसतं तर झाड उभं राहिलंच नसतं. फेस्टसनं मुळांखालची माती उकरली, तुटकी मुळं साफ कापली. मग खोडाला गोणपाट गुंडाळून त्यावर दोर बांधला आणि मार्टीनं ट्रॅक्टर इंचाइंचानं पुढं घेतला. झाड कण्हत वर आलं. तीन बाजूंना खुंट ठोकून ते ताणून बांधलं. मार्टीला दुसरीकडून बोलावणं आलं, तो गेला. उरले दोघं. फेस्टस गुडघ्यावर बसून मुळांच्या पोकळ्यांत हातानं माती भरू लागला.

"तू उठ," डीलिया म्हणाली. "तुझी छाती. मी करते."

"असू दे. माती मऊ लागते. खडी मुळाला टोचता कामा नये." तो मातीचं ढेकूळ बोटांनी कुस्करत होता. "तिथंसुद्धा वर सगळी खडीच होती. म्हणून मी खोल गेलो. तिच्या डोक्याशी मऊ माती यावी म्हणून."

डीलियाच्या हातातली बादली तशीच राहिली.

"कुणाच्या डोक्याशी?"

फेस्टसनं वर पाहिलं नाही. "तिच्या."

"फेस्टस," ती म्हणाली. "ती मुलगी होती?"

आता त्यानं वर पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "तुला माहीत नव्हतं?"

"कोण सांगणार होतं मला?"

"नर्स होती. आई होती. मला वाटलं, तू तर आई तिची, तुला पहिल्यांदा… मला वाटलं, तू बघितलं असशील."

"मला दाखवली नाही. मी मागितली होती रे."

"मला वाटलं तुला बोलायचं नाही. मी तोंड उघडलं तर तुला त्रास होईल."

"आणि मला वाटलं तू बोलत नाहीस म्हणजे विचारायचं नाही."

तो तसाच चिखलात बसून राहिला. डीलियाही शेजारी बसली. तीस वर्षं एका पलंगावर झोपलेली ती दोन माणसं परसातल्या मातीत एकमेकांकडे बघत बसली होती. मग फेस्टस बोलू लागला. त्याला बोलायची सवय नव्हती; वाक्यं मध्येच तुटत. केस काळे होते. खूप होते, ओले. नखं होती. एवढीशी, पण पुरी. त्यानं तिला आपल्या लग्नाच्या कोटाच्या अस्तरात गुंडाळलं होतं, म्हणून तो कोट पुन्हा घातला नाही. वाटेत तळ्याशी थांबून त्यानं अंगठा पाण्यात बुडवला आणि तिच्या कपाळावर क्रूस काढला.

"ते चालत नाही, मला माहीत होतं," तो म्हणाला. "मेलेल्याला बाप्तिस्मा देणं चालत नाही. पण मी केलं."

"चांगलं केलंस," डीलिया म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. तीस वर्षांचं रडू ते. त्याला आवरायचं कुणी आणि कसं? फेस्टसनं आवरायला सांगितलंही नाही.

त्या रविवारी चर्चमधल्या मासच्या प्रार्थनेनंतर ती दोघं किलीनवर गेली. फेस्टसला चढावर तीनदा थांबावं लागलं. काट्याच्या तळ्याकडच्या अंगाला एक सपाट, करडा धोंडा होता. "इथं," तो म्हणाला. आणि शेजारच्या दोन धोंड्यांकडे बोट करून म्हणाला, "हे आईचे. माझ्याआधीचे दोन मुलगे. तिनं एकदा मला लहानपणी आणून दाखवले होते. मी हिला त्यांच्याजवळ ठेवली. एकटी नको म्हणून."

डीलिया त्या दोन धोंड्यांकडे पाहत राहिली. न बघितलेलं बरं, असं सांगणारी ती बाई दोनदा बघून बसली होती, हे तिला आता कळत होतं. सासूबद्दल मनात जे काही कडू होतं ते तिनं तिथंच गवतात सोडलं.

घरी येऊन चहा झाला. फेस्टस कप फिरवत म्हणाला, "नाव ठेवायला हवं."

"आता?"

"मग कधी? ऑनर ठेवूया."

"वा! तुझ्या आईनं आयुष्यभर मला बटाटे सोलायला शिकवले. आता तिलाच हाका मारू?"

फेस्टस हसला. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसला. "बरं बाई. तू सांग."

"सबीना," डीलिया म्हणाली. "माझ्या आईचं."

त्यानं ते नाव तोंडात घोळवून पाहिलं. "सबीना किलबेन. चांगलं आहे. उंच मुलीचं नाव वाटतं."

झाडाला त्या वर्षी एक फूल आलं नाही. पानं आली ती बारीक, पिवळट. डीलिया धुण्याचं पाणी गार करून घालायची, बुंध्याशी कुजलेलं गवत पसरायची, दर पंधरवड्याला दोर तपासायची. फार ताणला तर साल काचते, सैल सोडला तर नवी मुळं हलून तुटतात. फेस्टस खुर्ची घेऊन आता झाडाखाली बसे. तिथूनच कामं सांगे. इतका बोले, की डीलिया म्हणायची, "ब्रायडीला बोलावते, पोप वारला असेल." पुढच्या वसंतात पानांत तेज आलं. फुलं त्याच्या पुढच्या मे महिन्यात आली, पण फेस्टस त्याआधीच्या हिवाळ्यात गेला. त्याला चर्चच्या दफनभूमीत आईबापांशेजारी ठेवलं. डीलियानं त्याच्या शवपेटीत किलीनवरची मूठभर माती घातली. पाद्र्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

काही वर्षांनी गावात नवे पाद्री आले. त्यांनी एका रविवारी जाहीर केलं, की पुढच्या महिन्यात रुएनांच्या वरच्या शेतात मास होईल आणि त्या जमिनीला आशीर्वाद देण्यात येईल. चर्चमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

त्या दिवशी दहा-वीस माणसं येतील असं पाद्र्यांना वाटलं होतं. फाटकापासून खाली रस्त्यापर्यंत लोक उभे होते. ज्यांच्याकडं कधी काही झालं असेल असं कुणाला माहीत नव्हतं, अशा घरांतली माणसं, सत्तरी-ऐंशीचे बाप्ये, टोप्या काढून, आपापल्या धोंड्यापाशी गेले. कुणालाही शोधावं लागलं नाही. बायका मात्र इकडं तिकडं बघत होत्या. कितीजणी पहिल्यांदाच आल्या होत्या.

प्रार्थना झाली, पाणी शिंपडलं. पाद्री म्हणाले, "ज्यांना नाव घ्यायचं असेल त्यांनी मोठ्यानं घ्यावं."

वारा गवतातून जात होता. डीलियानं आजूबाजूला पाहिलं. फेस्टस असता तर त्यानं टोपी चुरगाळली असती आणि गाईबद्दल काहीतरी पुटपुटला असता. ती एक पाऊल पुढं आली.

"सबीना किलबेन," ती म्हणाली. "फेस्टसची आणि माझी मुलगी. आणि हे ऑनर किलबेनचे दोन मुलगे."

मग पलीकडून एका म्हाताऱ्यानं नाव घेतलं. मग आणखी एकीनं. मग सगळीकडून, कुणी खणखणीत, कुणी पुटपुटत. आवाज ओसरत आला तेव्हा काट्याच्या मागल्या बाजूला ब्रायडी रुएन उभी असलेली डीलियाला दिसली. मार्टी जाऊन वर्ष झालं होतं. हे शेत तिचंच. जन्मभर तिनं त्यात मेंढ्या चारल्या आणि कधी नांगर घालू दिला नाही. तिचा हात एका लहानशा धोंड्यावर होता. ती तोंड उघडत होती आणि मिटत होती.

"मी नाव नव्हतं ठेवलं, फादर," ती शेवटी म्हणाली. "ठेवायचं असतं हेच कुणी सांगितलं नाही. मुलगा होता. एवढंच माहीत आहे मला."

पाद्री तरुण होते. ते प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं चाळू लागले.

"मग आता ठेव की," डीलिया म्हणाली. ती चालत ब्रायडीपाशी गेली आणि तिचा दुसरा हात धरला. "सावकाश ठेव. कुणाला कुठं जायचंय?"

सगळं शेत थांबलं. पोरंबाळं थांबली, रस्त्यावरचे लोक थांबले. ब्रायडी धोंड्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते; एकेक नाव ती मनाशी घेऊन बघत असावी.

"मार्टिन," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा, जोरात म्हणाली, "मार्टिन रुएन. बापासारखाच."